गावच्या उत्सवातलं नाटक आणि घुमट आरती मोबाईलवर नीट रेकॉर्ड करून सांभाळायची कशी

जत्रा असो, काला असो, चवथीतली आरती असो, आता गोव्यातल्या कुठल्याही देवळाच्या मांडवात जाऊन बघा, पुढच्या चार रांगांत निदान वीस मोबाईल वर असतात. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला विचारलं की बाबा, दुसऱ्या अंकातला तो बाप-लेकाचा प्रवेश पूर्ण आहे का कुणाकडे, तर कुणाकडेच नसतो. सगळ्यांकडे चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे, तेही स्टेटसला टाकलेले, चोवीस तासांत गेलेले. दोन-तीन महिने रोज रात्री तालमी करून बसवलेलं नाटक, आणि पूर्ण असं कुठेच शिल्लक नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांनी आजवर लग्नातले आणि समुद्रावरचे व्हिडिओ सोडून काही काढलं नाही, पण यंदा गावचं नाटक पूर्ण रेकॉर्ड करायचं मनात आहे आणि हातात एक साधा मोबाईल आहे, त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात ठेवा. आपण ठरवलं नाही तर मशीन ठरवतं. आवाज किती वर घ्यायचा ते मोबाईल ठरवतो, चेहऱ्यावर उजेड किती ते पण तोच ठरवतो, पाठवताना व्हिडिओ किती दाबायचा ते व्हॉट्सॲप ठरवतं. हे आजचं नाही. आपल्या फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर, त्यांचा राग मैफिलीत तासभर रंगायचा, पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून रेकॉर्डसाठी गाणं तेवढ्यात बसवावं लागायचं. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर त्यांची जी भैरवी अंतराळात गेली ती पण साडेतीन मिनिटांचीच. तेव्हा इलाज नव्हता. आज यूट्यूब एका व्हिडिओला १२ तास देतं, आपलं नाटक तीन तासांचं, म्हणजे तोडायचं काही कारणच उरलेलं नाही.

आधी विचारून घ्या

देवस्थान समितीला विचारा, दिग्दर्शकाला विचारा, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला तालमीच्या वेळीच सांगा की हे रेकॉर्ड होणार आहे आणि कुठे टाकलं जाणार आहे. काही जणांना, विशेषतः नवीन मुलींना, गावात काम करायला चालतं पण नेटवर नको असतं, आणि त्यांचं म्हणणं मानायचं, तिथे वाद घालायचा नाही. अशा वेळी रेकॉर्ड करा, पण फक्त मंडळापुरतं ठेवा.

दुसरा प्रश्न लेखकाच्या हक्काचा. आपल्याकडे लेखक हयात असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढची ६० वर्षं त्याचे हक्क राहतात, आणि ही वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून. उदाहरण द्यायचं तर नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे २००८ साल संपलं तेव्हा त्यांची नाटकं मोकळी झाली. पण गावात बसतात त्यातली बरीच नाटकं अलीकडच्या लेखकांची असतात, आणि प्रयोगाची परवानगी घेतली म्हणजे यूट्यूबवर टाकायची पण मिळाली असं होत नाही, दोन्ही वेगळं विचारायचं. माझा अनुभव असा आहे की लेखकाला फोन करून व्यवस्थित विचारलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, फक्त वर्णनात त्यांचं नाव नीट लिहा. ते होकाराचं एक वाक्य मेसेजवर मागून घ्या, म्हणजे लेखी राहतं.

मोबाईल कुठे लावायचा

हातात धरून तीन तास कुणाच्यानेही होत नाही. स्टँड लागतोच. पाच फुटांचा साधा ट्रायपॉड मोबाईलच्या क्लिपसकट घ्या, नाहीतर गावातल्या फोटोवाल्याकडून एका रात्रीसाठी मागून आणा. जागा म्हणजे मांडवाच्या बरोबर मध्ये, साऊंडवाल्याच्या टेबलाजवळ. तिथे तीन फायदे आहेत, मधून कोण जात नाही, प्लग मिळतो, आणि आवाज पण तिथूनच घ्यायचा आहे, ते पुढे सांगतो. उंची एवढी ठेवा की उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं फ्रेममध्ये येणार नाही, कारण लोक उठणार, पोरं मांडीवरून खाली उतरून धावणार, हे गृहीत धरा.

मोबाईल आडवा. उभा व्हिडिओ इन्स्टाग्रामच्या रिळांसाठी ठीक आहे, पण रंगमंच आडवा असतो, उभ्या फ्रेममध्ये एका वेळी एकच पात्र येतं आणि बोलणाऱ्याचं ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते जातं, आणि नाटकाची अर्धी मजा त्याच्यात आहे. झूम करू नका, बोटांनी केलेला झूम बहुतेक मोबाईलवर नुसता चित्र ताणून मोठं करतो. पूर्ण रंगमंच दोन्ही विंगांसकट बसवा आणि हात काढून घ्या. आणि लेन्स पुसा, सुती कपड्याने, आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सवर बोटांचं तेल असं बसतं की सगळे दिवे धुरकट दिसतात.

आता उजेड. पडदा उघडतो, मागे काळा पडदा, पुढे पिवळा स्पॉट आणि पांढरा मेकअप केलेला चेहरा. मोबाईल बघतो की फ्रेममध्ये काळं जास्त आहे, म्हणून तो उजेड वाढवतो, आणि चेहरा पांढरा फटक होतो, डोळे-नाक काही दिसत नाही. यावर उपाय म्हणजे तालमीच्या शेवटच्या रात्री, दिवे लावलेले असताना, स्क्रीनवर पात्राच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याचं चिन्ह येतं, मग बाजूची सूर्याची खूण खाली ओढून चेहरा नीट दिसेपर्यंत उजेड कमी करा. एलईडी दिव्यांत कधी कधी व्हिडिओवर आडवे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि मोबाईल सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला. तसं झालं तर २५ फ्रेमवर आणा, किंवा शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात यातलं बरंच काही मिळतं. क्वालिटी १०८०पी पुरे, फोरके नको, मोबाईल तापतो आणि जागा संपते.

आवाज, आणि इथे जरा वेळ द्या

चित्र थोडं मळकट असलं तरी लोक बघतात. आवाज समजला नाही तर दोन मिनिटांत बंद करतात.

घुमट आरतीचं घ्या. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं, पूर्वी घोरपडीचं असायचं आता बकऱ्याचं लावतात, आणि दुसऱ्या लहान तोंडावर डावा हात उघड-झाप करत आवाज घुमवायचा. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. त्याचा जो खालचा घुमार आहे ना, जो छातीत बसतो, तोच नेमका मोबाईलमध्ये येत नाही. याची दोन कारणं आहेत. एक, मोबाईलचा माईक आणि त्यामागची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते, ती खालचा घुमणारा आवाज गोंगाट समजून कापते. दुसरं, मोबाईल आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करत असतो. घुमटावर जोरात थाप पडली, कांसाळं म्हणजे मोठी झांज वाजली, की तो घाबरून सगळंच खाली घेतो, आणि मग आरती म्हणणाऱ्यांचा आवाज क्षणभर बुडतो, परत वर येतो, परत बुडतो. लाटेवर बसून ऐकल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे चवथीतला एखादा व्हिडिओ असेल तर कानाला हेडफोन लावून ऐका, लगेच लक्षात येईल.

मग करायचं काय. ओपन कॅमेरामध्ये सेटिंगला ऑडिओ सोर्स म्हणून एक पर्याय आहे, त्यात अनप्रोसेस्ड निवडा, तुमच्या मोबाईलला चालत असेल तर ही कापाकापी बरीच कमी होते. दुसरं, मोबाईल वाजवणाऱ्यांच्या अगदी पुढ्यात नका ठेवू. सहा-सात फूट मागे, आणि आरती म्हणणाऱ्यांच्या बाजूला जरा जवळ, म्हणजे तोल सांभाळला जातो. आम्ही एकदा तीन जागा करून बघितल्या, एक मखराजवळ, एक दाराच्या चौकटीत, एक खोलीच्या कोपऱ्यात, आणि सगळ्यात चांगला आवाज दाराच्या चौकटीतला निघाला, कोपऱ्यातला सगळ्यात वाईट, कारण कोपऱ्यात खालचा आवाज साचतो आणि शब्द बुडतात. तुमच्या घराचा आकार वेगळा असेल, म्हणून पहिल्या दिवशीच पाच-पाच मिनिटांची चाचणी करा, आरत्या दीड दिवस तरी असतातच.

नाटकासाठी मात्र आवाज थेट मिक्सरमधून घेतलेला बरा. साऊंडवाल्याशी आधी बोला, त्याला रेकॉर्डिंगसाठी एक आऊटपुट द्यायला सांगा, बहुतेक मिक्सरला रेक आऊट किंवा ऑक्स असतो. पण ती वायर सरळ मोबाईलला लावू नका! मिक्सरमधून येणारा आवाज माईकपेक्षा कितीतरी मोठा असतो, मोबाईलला तो झेपत नाही आणि सगळं फाटल्यासारखं ऐकू येतं. लाईन-इन, म्हणजे मिक्सरचा मोठा आवाज झेपणारं भोक, असलेला छोटा रेकॉर्डर वापरा, नाहीतर टाइप-सी चा ऑडिओ इंटरफेस. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या आरोळीला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, शून्याला लागला तर तो आवाज फाटला, नंतर दुरुस्त होत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून सुटते. मिक्सरमध्ये फक्त माईकवरचंच येतं. ऑर्गनला माईक नसेल तर ऑर्गन नाही, आणि प्रेक्षकांचं हसणं, टाळी, वन्समोअर तर अजिबात नाही. नुसता मिक्सरचा आवाज ऐकला तर नाटक रिकाम्या हॉलमध्ये झाल्यासारखं वाटतं. म्हणून मोबाईलचा स्वतःचा आवाज पण चालू ठेवा आणि नंतर दोन्ही एकत्र करा, मिक्सरचा मोठा, मोबाईलचा खाली हलका. दोन्ही जुळवायला प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला मोबाईलसमोर एक जोरदार टाळी वाजवा, ती टाळी साऊंडवाल्याच्या माईकमध्ये पण गेली पाहिजे. एकदाच वाजवून भागत नाही, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभराने ओठ आणि शब्द वेगळे पडायला लागतात.

त्या रात्री

जागेचा हिशोब आधी करा. १०८०पी मध्ये मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जातात, म्हणजे तीन तासांना साधारण १८ ते २४ जीबी. ३० जीबी मोकळी ठेवा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन तिसऱ्या अंकात कुणाचा तरी फोन येणार आणि काही मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. चार्जर लावा आणि पॉवर बँक पण जवळ ठेवा, वीज गेली आणि जनरेटर चालू व्हायला दोन मिनिटं लागली तरी तुमचं चालू राहिलं पाहिजे. प्रत्येक अंकानंतर बंद करून परत चालू करा, म्हणजे काही बिघडलं तर एकच अंक जाईल. मध्यंतरात साऊंडवाला सिनेमाची गाणी लावतो तेव्हा रेकॉर्डिंग बंदच पाहिजे, कारण तो तुकडा व्हिडिओत राहिला तर यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि पूर्ण व्हिडिओवर हक्काचा दावा लागू शकतो.

घरी आल्यावर आधी कॉपी, मग झोप

पहाटे तीन वाजलेले असतात, डोळे मिटत असतात, तरी पण कॉपी करूनच झोपा.

इथे आपल्याच भूमीतली एक गोष्ट सांगतो. भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात १५५६ साली आला. १६१६ साली राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं, देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत. पुढे १६४९ आणि १६५४ ला परत छापलं. तीन वेळा छापलेलं पुस्तक, आणि त्यातल्या एकाही आवृत्तीची प्रत आज सापडत नाही. मग आपण ते वाचतो कसं? लोकांनी हाताने नकला करून घराघरांत ठेवल्या होत्या म्हणून, त्यातली एक तर देवनागरीत लिहिलेली आहे. नकला अनेक होत्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, त्यामुळे मजकूर राहिला.

आपण पण तेच करायचं. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. म्हणजे एक तुमच्या कॉम्प्युटरवर, एक पोर्टेबल हार्ड डिस्कवर, आणि तिसरी मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा क्लाउडवर. पेनड्राईव्हवर भरवसा नको. आणि यूट्यूबला कॉपी म्हणून धरू नका. आमच्या वाड्यावरच्या मंडळाचं चॅनल एका मुलाच्या ईमेलवर काढलेलं होतं, तो कामाला गल्फात गेला, इथला नंबर बंद झाला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आणि मूळ फायली जागा होत नाही म्हणून मोबाईलमधून उडवलेल्या. व्हिडिओ अजून दिसतात, पण त्यातली चुकीची नावं दुरुस्त करता येत नाहीत आणि उद्या चॅनल बंद पडलं तर सगळंच गेलं. त्यामुळे चॅनल काढताना सेटिंगमध्ये परमिशन्समध्ये जाऊन निदान दोन माणसांना मॅनेजर करा.

फाईलला नाव देताना आधी साल, महिना, दिवस, मग गाव, मग नाटक, मग अंक. असं केलं की फायली आपोआप तारखेने लागतात. व्हीआयडी आणि पुढे दहा आकडे असं नाव ठेवलं तर पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही आत काय आहे.

लोकांपर्यंत पोचवताना

यूट्यूबला नवीन खात्यावर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, फोन नंबर देऊन खातं व्हेरिफाय केलं की चढतो. हे आदल्या आठवड्यातच करून ठेवा. सगळ्यांना दाखवायचं नसेल तर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतं. नाव देवनागरीत लिहा, गाव आणि तालुका लिहा, सत्तरी की पेडणे की डिचोली, साल लिहा. वर्णनात सगळ्या पात्रांची, पेटी-तबल्यावाल्यांची, मेकअपवाल्याची, पडद्यामागच्यांची नावं लिहा. जुन्या हँडबिलाची कॉम्प्युटरवरची फाईल असेल तर त्यातला मजकूर कॉपी करून बघा, जुन्या डीटीपी फॉन्टमधला असला तर नेटवर चिन्हांचा गोंधळ दिसतो, मग सरळ मोबाईलवरच्या मराठी कीबोर्डने परत टाइप करा, तासाभराचं काम आहे पण नाव शोधल्यावर सापडतं. वर्णनात अंकांच्या वेळा पण द्या, पहिली ०:०० अशीच पाहिजे आणि निदान तीन पाहिजेत, आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका, मग व्हिडिओखाली अंकांचे भाग पडतात आणि दुबईत कामावरून आलेला माणूस सरळ आपल्या भावाच्या प्रवेशावर जाऊ शकतो.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ते दाबत नाही, २ जीबीपर्यंत जातं. रिळं, स्टेटस, जरूर टाका, त्याने लोक पूर्ण व्हिडिओकडे येतात. फक्त तुकडा पूर्ण व्हिडिओतून कापून काढा, उलटं नको.

घरातल्या जुन्या कॅसेट

हे सगळं जमायला लागलं की कपाटावरचा डबा खाली काढा. गोव्यातल्या बऱ्याच घरांत १९८०-९० च्या काळातल्या नाटकांच्या, भजनांच्या ऑडिओ कॅसेट आहेत, आणि आपल्या पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी येते. टेपवर पांढरी पूड दिसली तर लावून बघू नका, ती बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला पण जाते, अशी कॅसेट बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या. चांगल्या असतील तर उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडा आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेव्ह फाईल करून घ्या. तासाभराच्या कॅसेटला ६०० एमबीच्या आसपास लागतात. एमपीथ्री नंतर करा, मूळ वेव्हच ठेवा.

आणि हे काम एकट्याने खोलीत बसून करू नका. माझ्या काकांची एक कॅसेट होती, वर नुसतं "उत्सव" लिहिलेलं. ती लावली तेव्हा आजी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली, आणि एकेका आवाजाला नाव सांगत गेली, हा अमक्याचा आजो, ही बाई नव्हे तर साडी नेसलेला पुरुष, हा मधे खोकतोय तो आमचा शेजारी, त्याच वर्षी पावसात गेला. ते सगळं कॅसेटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून कॅसेट लावायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा, आणि दुसरा मोबाईल त्यांच्यासमोर रेकॉर्डिंगला लावून ठेवा.